दोन हात

पहिला डाग दिसला तेव्हा दोघांनाही तो रंगच वाटला होता.

वाटणारच. रंगाऱ्याच्या अंगावर रंग नसेल तर तो कामावर गेला नाही असं समजावं. हा तर बाहेरच्या भिंतींचा माणूस, उंच इमारतीवरून झुला सोडून दिवसभर उन्हात लोंबकळणारा. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा कोपरावर पिस्ता, भुवईवर राखाडी, नखांत विटकरी, अशी सगळी वसाहत अंगावर घेऊन यायचा. आंघोळीनंतरही काहीतरी मागं राहायचंच, आणि ते शोधून काढायचा मान बायकोचा. बायको गल्लीच्या तोंडाशी शिंप्याच्या दुकानात रफू करायची. लोकांच्या कपड्यांची भोकं अशी बुजवायची की ज्याचा कपडा त्यालाही सापडू नयेत, हे तिचं काम. तिच्या नजरेतून ठिपकासुद्धा सुटायचा नाही.

त्या संध्याकाळी तिला त्याच्या उजव्या कानामागं पांढरं दिसलं. प्रायमर राहिलाय म्हणाली आणि टर्पेंटाइनचा बोळा घेऊन बसली. घासलं, निघेना. नखानं खरवडलं, तरी निघेना. कान जागेवर ठेवशील ना, असं विचारून तो हसला, तीही हसली. शेवटी दोघं कंटाळले आणि जेवायला बसले. कान दोन दिवस लाल होता. लाली गेली तेव्हा पांढरं तसंच होतं, फक्त जरासं मोठं झालं होतं.

मग एक डोळ्याखाली आला, एक गालावर, एक मानेवर, आणि हातांच्या पाठीवर तर शिंतोडे उडावेत तसे आले. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी दिवा धरून पाहिलं आणि कोड आहे म्हणून सरळ सांगितलं. त्या चांगल्या होत्या. घाईत नव्हत्या. हा संसर्ग नव्हे, शिवल्यानं पसरत नाही, एका ताटात जेवल्यानं कुणाला होत नाही, हे त्यांनी दोघांच्याही तोंडाकडं बघून सांगितलं. औषध दिलं. रंग परत येईलही, नाहीही येणार, आणि आला तरी सावकाश येईल म्हणाल्या. पण एक गोष्ट त्यांनी पुन्हापुन्हा बजावली. माणसाच्या कातडीतला रंग ही तिची स्वतःची छत्री असते. जिथं रंग गेला तिथं छत्री गेली. अशा जागेवर ऊन पडलं की ती भाजणार. त्यानं प्रत्येक वाक्याला मान हलवली. समजलं का, विचारलं तेव्हाही हलवली.

मान हलवणं आणि मनाला पटणं यांत किती अंतर असतं ते ज्याचं त्याला माहीत. घरी आल्यावर त्यानं काही न बोलता आपलं ताट वेगळं केलं. कुणी सांगितलं नव्हतं. साबण वेगळा झाला, टॉवेल दुसऱ्या खिळ्यावर गेला. मग एक दिवस बाहेरच्या खोलीत खाट टाकली, का तर म्हणे आपण घोरतो. लग्न झाल्यापासून घोरत होता. इतक्या वर्षांत त्याचं त्याला कधी काही वाटलं नव्हतं आणि हिनंही कधी तक्रार केली नव्हती. उशी देताना तिचा हात त्याच्या हाताला लागला तर तो चटका बसल्यासारखा मागं घ्यायचा. त्या टर्पेंटाइनच्या संध्याकाळनंतर तिनं त्याच्या तोंडाला हात लावलेला नव्हता, म्हणजे त्यानं लावू दिला नव्हता. शेवटचा हात लावला तो असला खरवडण्याचा, हे तिच्या मनातून जात नव्हतं.

कामावरही तसंच. हा जन्माचा काळाकुळकुळीत. लहानपणापासून त्याला सगळे डांबर म्हणत आले, मुकादमसुद्धा वरच्या मजल्याकडं बघून 'ए डांबर, दोरी सोड' असंच ओरडायचा. डाग तोंडावर आले तसं ते नाव बंद झालं. माणसं एकदम अदबीनं त्याच्या खऱ्या नावानं हाक मारायला लागली, बोलताना त्याच्या खांद्याकडं बघायला लागली. कुणी वाईट वागलं असतं तर त्याला चार शिव्या हासडून मोकळं होता आलं असतं. सगळे चांगले वागत होते. हे त्यानं एकदाच, ताटावरून उठता उठता तिला सांगितलं आणि नळाखाली आपलं आपण ताट घासायला गेला.

उन्हाळा चढला आणि व्हायचं ते झालं. मानेवरचा डाग आधी गुलाबी झाला, मग लाल, मग त्यावर फोड आले. गालाचं कातडं सुटलं. पुन्हा डॉक्टरीणबाई. या वेळी त्या कडक बोलल्या. रोज सनस्क्रीन लावायचंच, ते औषध समजायचं, नटणं नव्हे. टोपी, पूर्ण बाह्या, आणि एवढं करूनही पुन्हा भाजलं तर बाहेरचं काम सोडायचं.

त्यानं बाहेरचं काम सोडायची तयारी आधीच करून ठेवली होती. मुकादमाकडं दुसऱ्या एका शहरातलं काम आलं होतं. जमिनीखाली गाड्या ठेवायला मजल्यामागून मजले खणलेले, त्यांच्या भिंती आणि खांब रंगवायचे, पट्टे ओढायचे. राहणं तिथंच, काम लांबलचक, आणि ते संपलं की पुढचंही तसलंच.

"तिथं ऊन येत नाही," तो जेवताना म्हणाला.

माणसंही फारशी येत नाहीत, हे तो म्हणाला नाही. पण रफूवालीला ते ऐकू आलं. हा उन्हापासून पळत नव्हता. हा तिच्यापासून, ताटापासून, नजरांपासून, सगळ्यापासून अंग काढून घेत होता. एकदा जमिनीखाली जाऊन बसला की सुटीला येईल, पैसे पाठवील, फोनवर तब्येत विचारील, पण नवरा म्हणून परत यायचा नाही, इतकं तिला स्वच्छ दिसत होतं. रडून तो थांबला नसता. म्हणून तिनं हिशेबी बोलणं केलं. गाडी न्यायला येईपर्यंत महिना आहे. तेवढ्यात मी असं सनस्क्रीन शोधते की तुम्ही भाजणार नाही. भाजला नाहीत तर जायचं नाही. भाजलात तर मी तुमची पिशवी भरून देईन.

"बघ," तो म्हणाला. त्याच्या भाषेत ते हो असतं.

औषधांच्या दुकानात एक अख्खी भिंत त्या ट्यूबांची होती. प्रत्येक ट्यूबवर एक बाई हसत होती, जन्मात कधी उन्हात पाऊल न टाकलेली. रफूवाली खालपासून वरपर्यंत वाचत गेली. कुठं तीस, कुठं पन्नास, कुठं तेलकट कातडीसाठी, कुठं कोरड्या, कुठं लहान मुलांसाठी. विक्रीला उभ्या असलेल्या मुलीनं लगबगीनं एक गुलाबी ट्यूब काढून दिली. ही खूप जाते म्हणाली, ऊनही अडवते आणि रंगही उजळ करते.

"त्यांना उजळ व्हायचं नाहीये," रफूवाली म्हणाली. "तेच तर दुखणं आहे."

मुलगी ट्यूब तशीच धरून आत बघायला लागली. तेव्हा आतून चष्म्यावाल्या फार्मासिस्टबाई पुढं आल्या. त्यांनी आधी चार प्रश्न विचारले. माणूस करतो काय, उन्हात किती वेळ, घाम येतो का, अंगावर काय उडतं. मग गुलाबी ट्यूब जागेवर ठेवली. उजळ करणारं काही नको, वासाचं नको, आकडा पन्नासचा हवा, नुसतं भाजण्यापासून नव्हे तर दोन्ही जातींच्या किरणांपासून वाचवणारं हवं, घामानं न उतरणारं हवं. त्यांत जस्ताचं असेल तर भाजलेल्या कातडीला झोंबत नाही. तोंडावर पांढरट दिसेल थोडं, पण चालेल ना, असं त्यांनी विचारलं. रफूवाली म्हणाली, दिसू दे, तो रंगारी आहे, लोकांना प्रायमर वाटेल.

तरी पहिली ट्यूब फसली. घामाबरोबर डोळ्यांत उतरली आणि तो झुल्यावर डोळे चोळत बसला. दुसरी इतकी चिकट होती की दुपारपर्यंत घासकामाची सगळी धूळ तिच्यावर बसून तोंड सॅंडपेपरसारखं झालं. रफूवाली दोन्ही वेळा परत गेली. तिसऱ्या वेळी तिनं ट्यूब आधी स्वतःच्या मनगटावर लावून, इस्त्रीच्या वाफेपाशी बसून, घाम आणून पाहिली. शिंपी म्हणाला, आता इथं दवाखाना काढा. तिसरी टिकली. मनगटावर पाणी ओतलं तरी ते थेंब होऊन घरंगळलं आणि खालचं क्रीम जागचं हललं नाही. हीच, असं तिच्या मनानं घेतलं.

फार्मासिस्टबाईंनी लावायची रीतही सांगितली होती. कंजूसपणा करायचा नाही. तोंडाला आणि मानेला मिळून दोन बोटांवर टोकापासून मुळापर्यंत रेघा ओढाव्यात एवढं लागतं. एकदा लावून थोडं थांबायचं, पुन्हा लावायचं, कारण पहिल्यांदा जागा सुटतातच. बाहेर पडायच्या आधी पाव तास. दुपारी परत. हे सगळं त्याच्यापुढं पढत बसले तर तो अर्ध्यातच उठून जाईल, हे ती जाणून होती. म्हणून तिनं ते त्याच्या भाषेत आणलं. रंगारी लोक भिंतीवर रंगाचा थर दिला असं म्हणत नाहीत, हात दिला म्हणतात. एक हात, दोन हात.

"दोन हात द्यायचे," ती म्हणाली. "मधे वाळू द्यायचं."

किती दिवसांनी त्याचा चेहरा जरा जागा झाला. हां, असं सांग ना, म्हणाला. तो ट्यूब घेऊन मागच्या गॅलरीत गेला आणि तिच्या जिवात जीव आला. आपण किती शहाणं बोललो, असंही तिला वाटलं. तेवढं वाटू द्यावं माणसाला.

रोज सकाळी तो गॅलरीचं दार लोटून घ्यायचा. नळाचा आवाज यायचा, मग बराच वेळ शांतता, मग टोपी घालून बाहेर पडायचा. ती विचारायची, दोन हात दिले ना? तो म्हणायचा, दिले. पहिले काही दिवस आभाळ होतं, काही वाटलं नाही. मग आभाळ सरलं. दोन दिवसांत डोळ्याखालचा डाग लाल झाला, गाल तापला, मानेवर पुन्हा फोड. संध्याकाळी तो टोपी काढून तिच्यासमोर उभा राहिला आणि तिनं बघेपर्यंत हलला नाही.

"तू तुझं केलंस," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "भिंतच मुळात खराब असली की चांगला रंग काय करणार?"

त्याला राग आला असता तर तिला सोपं गेलं असतं. ती आतल्या खोलीत जाऊन बसली आणि मग मात्र रडली. आपणच चुकीची ट्यूब निवडली, आपल्याच्यानं एक क्रीम धड निवडता आलं नाही, आणि त्यापायी नवरा जमिनीखाली चालला. रडून झाल्यावर तिनं बोलल्याप्रमाणं पिशवी काढली. कपडे घड्या करून भरले. त्याच्या दोन सदऱ्यांच्या बाह्या कोपरावर विरल्या होत्या, त्या दुकानात नेऊन रफू केल्या. असं रफू तिनं आयुष्यात कुणाला करून दिलं नव्हतं.

दुकानातून येताना पाय आपोआप औषधांच्या दुकानाकडं वळले. भांडायला म्हणून गेली होती, पण भांडण काही जमलं नाही. फार्मासिस्टबाईंनी ऐकून घेतलं आणि इतकंच विचारलं, ट्यूब किती उरलीय? रफूवालीला आठवलं, सकाळीच फडताळात पाहिली होती, गुबगुबीत होती. बाई म्हणाल्या, मग लावतच नसतील हो. रोज सांगितलं तेवढं लावलं असतं तर एव्हाना तुम्ही दुसरी न्यायला आला असतात. ही चिडली. माझा नवरा खोटं बोलत नाही म्हणाली आणि तरातरा घरी आली. पण ती गुबगुबीत ट्यूब काही डोळ्यांपुढून हलेना. तो खोटं बोलत नव्हता आणि ट्यूबही खोटं बोलत नव्हती, मग काय?

दुसऱ्या दिवशी त्याची गाडी होती, दुपारची. सकाळी तो सवयीनं गॅलरीत गेला आणि दार लोटून घेतलं. तिनं थोडा वेळ जाऊ दिला आणि वाळलेले कपडे काढायचं निमित्त करून दार ढकललं.

गॅलरीत त्याचं रंगाचं सामान असायचं. भिंतीला फुटका आरसा टेकवला होता आणि त्याच्यापुढं तो उकिडवा बसला होता. जवळ डब्याचं झाकण. झाकणात ताकाच्या निवळीसारखं पांढुरकं पाणी. आणि हातात अर्ध्या इंचाचा ब्रश, तो खिडक्यांच्या कडा मारायला वापरायचा तो. ब्रश झाकणाच्या काठावर निपटून तो गालावरचा डाग रंगवत होता. त्या डागाच्या कडेकडेनं, जराही बाहेर न जाता, सुबक, जणू काचेवर शिंतोडा उडू नये तसा.

रफूवाली कपडे विसरली. तिला सगळं एकदम कळलं. पहिला हात पातळ द्यायचा असतो. भिंत पितेच म्हणून पाणी घालून, सैल करून द्यायचा, हे त्यानं शिकाऊ असल्यापासून केलेलं. कुठलाही रंगारी हेच करील. दोन हात द्यायचे, असं तिनंच तर सांगितलं होतं. त्यानं इमानानं दोन हात दिले होते, दोन्ही पाण्याचे.

"अहो," ती म्हणाली, "हे काय करताय?"

"दुसरा हात," तो म्हणाला. चोरी पकडल्यासारखा तो गोरामोरा झाला होता.

तिला हसू आलं. हा रंग नव्हे, ह्यात पाणी घालत नाहीत, पाण्यानं ते फाटतं आणि फटींतून ऊन आत जातं, असं तिनं त्याला भराभर सांगितलं. त्यानं ऐकलं. झाकणाकडं बघितलं. आपण कुठं चुकलो हे कारागिराला एका क्षणात कळतं, तसं त्याला कळलं. पण ब्रश काही खाली ठेवला नाही.

"आणि हा कशाला? हातानं लावायला काय झालं?"

ती तिथंच, दारात, खाली बसली. मग तो आरशाकडं बघत बोलला.

"हातानं चोळलं की पसरतं. इथलं तिथं जातं."

"डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं ना, शिवल्यानं पसरत नाही म्हणून?"

"सांगितलं होतं. रंगाच्या डब्यावर पण लिहिलेलं असतं, सात वर्षं रंग जाणार नाही. मी किती भिंती पाहिल्यात."

इतके महिने वेगळं ताट, वेगळा टॉवेल, बाहेरची खाट. रफूवालीला वाटलं होतं त्याला लाज वाटते. लाज होतीच. पण लाजेखाली हे होतं. स्वतःच्या तोंडाला स्वतःचा हात लावायला हा माणूस घाबरत होता, तो तिला कसा लावणार? आणि जमिनीखाली चालला होता तो तिला वाचवायला. तिला त्याचा रागही आला. असला कसला शहाणा, असंही वाटलं.

तिनं त्याच्या हातातला ब्रश काढून घेतला. झाकणातलं पाणी मोरीत ओतलं. पदरानं त्याचं तोंड टिपलं, तो मागं सरकला तर मागं भिंतच होती. मग ट्यूब उघडली आणि आपल्या दोन बोटांवर टोकापासून मुळापर्यंत जाड रेघा ओढल्या.

"राहू दे," तो म्हणाला. "लागेल तुला."

"लागू दे," ती म्हणाली.

तिनं कपाळापासून सुरुवात केली. तो डोळे गच्च मिटून बसला होता, दंतवैद्याकडं बसावं तसा. डागांवर लावलं, डागांच्या बाहेर लावलं, कुठं कड सांभाळली नाही. फोडांपाशी बोट हलकं केलं. गाल, नाक, हनुवटी, मान. त्याचा गाल तिच्या आठवणीतल्यापेक्षा बसला होता. शेवटी उजवा कान पुढं दुमडला आणि मागच्या त्या पहिल्या डागावर, जिथं तिनं टर्पेंटाइननं घासलं होतं आणि नखानं खरवडलं होतं, तिथं सावकाश लावलं. जरुरीपेक्षा जास्त वेळ लावलं. त्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं.

"डोळ्यांत गेलं का?" तिनं विचारलं.

"नाही," तो म्हणाला. खोटं बोलत नसे तो.

मग तिनं त्याचे हात घेतले आणि त्यांच्या पाठीवरच्या शिंतोड्यांवर, बोटांच्या पेरांवर क्रीम चोपडलं. त्यानं हात मागं घेतले नाहीत. दुपारी मात्र तुम्ही लावायचं, ती म्हणाली, स्वतःच्या हातानं, ब्रश दिसला तर चुलीत घालीन. आरशात एक पांढराफटक माणूस दिसत होता, कुठं डाग आणि कुठं कातडी ते ओळखू येत नव्हतं. त्यानं त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं.

"मुकादमाला फोन लाव," तो म्हणाला. "माझे हात ओले आहेत."

तिनं फोन लावला आणि त्याच्या कानाशी धरला. तो म्हणाला, त्या कामावर दुसरा कुणी बघा. पलीकडून मुकादम काय बोलला ते तिलाही ऐकू आलं, इतका तो मोठ्यानं बोलतो. आधी कुरकुर केली, गाडी ठरवलीय म्हणाला आणि मग म्हणाला, बरं झालं, बाहेरच्या भिंतीला मला माणूसच नव्हता, ये डांबर, दोरी बांधून ठेवतो.

त्यानं मान हलवली, जसा काही मुकादम समोरच उभा आहे. फोन बंद करून तिनं त्याच्या गालाला बोटाचं टोक लावून पाहिलं. वाळत आलं होतं. टोपी खुंटीवर होती, ती काढायला तो उठेल असं तिला वाटलं.

तो उठला नाही. मान जराशी तिरकी करून, उजवा कान तिच्याकडं करून, दुसऱ्या हातासाठी बसून राहिला.